मे महिन्यात कोकण किनाऱ्यावर तंबू : उकाडा, वळीव आणि उलटणारा वारा

खाडीपलीकडे
नमस्कार मंडळी. मेच्या तिसऱ्या आठवड्यात गुहागरच्या बाजूला तीन रात्री तंबूत राहायचं ठरतंय. दोन मोठे, दोन मुलं (वय 7 आणि 11). जागा नारळाच्या वाडीतली आहे. समुद्र दीडशे पावलांवर. वाडीमालकांकडून संडास-बाथरूम आणि एक लाइटचा पॉइंट मिळणार आहे, त्यांचं पक्कं घरही हाकेच्या अंतरावर आहे. तंबू चार माणसांचा, घुमटाकार, दुपदरी. फायबरच्या दोन काठ्या साडेआठ मिलिमीटरच्या, पाणी अडवायची क्षमता वरच्या कापडाची 2000 मिमी, तळाची 3000 मिमी. सोबत आलेल्या खुंट्या बारीक तारेच्या, वीतभर लांब. तारीख अमावास्येच्या दोन दिवस आधीची आहे. उकाडा आणि वळीव दोन्ही धरून काय काय बघावं?

सुरुबन
आधी खुंट्यांचं बोलू, कारण मे महिन्यात तंबू उडतात ते तिथूनच. तारेच्या वीतभर खुंट्या मातीसाठी असतात. वाळूत त्या दोन बोटांनी उपसून येतात. त्या घरीच ठेवा.

वाळूत खुंटी ठोकायची नाही, वजन पुरायचं. जाड कापडाच्या किंवा सिमेंटच्या गोणीतून कापलेल्या आठ पिशव्या शिवून घ्या, प्रत्येकीत चार ते पाच किलो वाळू मावेल एवढ्या. वाळू ओली भरा. तोंड दोरीने आवळून बांधा आणि तीच दोरी ताणदोरीला जोडा. तंबूच्या कोपऱ्यापासून थोडं लांब, हात कोपरापर्यंत आत जाईल एवढा खड्डा करा, पिशवी आडवी ठेवा, वरून वाळू ओढून पायाने थराथराने दाबा. आता एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. दोरी खड्ड्यातून सरळ वर काढली तर ओढ वरच्या दिशेने बसते आणि पिशवी हळूहळू वर येते. म्हणून खड्ड्यापासून तंबूच्या दिशेने बोटभर रुंद तिरकी चर पाडा आणि दोरी त्या चरीतून काढा. मग ओढ आडवी बसते आणि समोरची सगळी वाळू पिशवीला अडवते. चार पिशव्या कोपऱ्यांना, चार ताणदोऱ्यांना. आठच्या खाली येऊ नका.

वाडीत वाळूच्या खाली माती लागली तर फूटभर लांबीच्या, व्ही आकाराच्या खुंट्या चालतात. त्या तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकवून ठोका. कातळ किंवा जांभा लागला तर काहीच आत जाणार नाही, तिथे दोरी चिऱ्याला बांधा. चिऱ्याची कड दोरी कापते, मध्ये जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा घाला.

दर्यावर्दी_वेळणेश्वर
सुरुबन यांनी वजनाचं नीट सांगितलं. आता ते वजन कोणत्या बाजूला जास्त हवं ते सांगतो. माझ्या मते या धाग्यातला हाच मुख्य मुद्दा आहे.

दिवसा खारे वारे असतात. सकाळी अकरा-बाराच्या सुमारास समुद्राकडून सुरू होतात आणि संध्याकाळपर्यंत टिकतात. माणूस दुपारी पोचतो, पश्चिमेचा वारा अंगावर घेतो आणि तंबू त्याच वाऱ्यासाठी बांधतो. पश्चिमेच्या दोऱ्या घट्ट, दार पूर्वेला आडोशाला, पूर्वेच्या दोऱ्या जेमतेम. तेव्हा ते बरोबरच वाटतं. पण मेमधला वळीव समुद्राकडून येत नाही. ढग दुपारी सह्याद्रीवर आणि घाटमाथ्यावर तयार होतात, संध्याकाळकडे किनाऱ्याकडे सरकतात. ढगातून खाली आदळलेला गार वारा पावसाच्या पुढे पळतो आणि पूर्वेकडून येतो, म्हणजे नेमका तंबूच्या दारावर. दाराची चेन अर्धी उघडी असेल तर वारा आत शिरतो, वरचं कापड आतून फुगतं आणि काठी मोडते.

म्हणून दार उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवा. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या दोऱ्या सारख्याच ताकदीच्या करा. पिशव्या कमी पडल्या तर जास्तीचं वजन पूर्वेला द्या, कारण तो वारा एकदम येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ताशी 25 किलोमीटरला निवांत उभा असलेला तंबू 50 ला चौपट ओढ सोसतो.

खूण अशी: संध्याकाळी चार ते सातच्या दरम्यान समुद्रावरचा वारा अचानक पडतो. झावळ्या स्तब्ध. जीव घुसमटेल एवढं उकडतं. पूर्वेला काळोख दाटलेला असतो आणि मधूनच लकाकतं. मग पूर्वेकडून एक गार झुळूक येते. ती झुळूक आल्यावर तुमच्या हातात काही मिनिटंच असतात. तयारी वारा पडल्या पडल्या सुरू करायची.

माडाखालची_पायवाट
जागेबद्दल माझी काळजी वेगळी आहे. नारळाच्या वाडीत माडाच्या शेंड्याखाली तंबू लावू नका. सगळे म्हणतात "सावली आहे ना". मेच्या तिसऱ्या आठवड्यात कोकणात सूर्य दुपारी जवळपास डोक्यावर असतो. शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे याच महिन्यात येतो. त्यामुळे दुपारी माडाची सावली बुंध्याशीच पडते, आणि जिथे सावली तिथेच नारळ आणि झावळ्या पडतात. वाळकी झावळ वजनदार असते आणि देठाकडून खाली येते. मालकांना आधीच विचारा, पाडप कधी झालं? नुकतं झालं असेल तरी चार माडांच्या मधली मोकळी चौकटच निवडा आणि शेंड्यांच्या घेराबाहेर राहा. गाडीसाठीही हाच नियम.

सुरूच्या झाडांचंही तेच. त्यांची मुळं वाळूत उथळ असतात, वादळी वाऱ्यात झाड आडवं होतं किंवा फांदी तुटते.

सावलीसाठी हिरवी जाळी आणा, 75 टक्के ऊन अडवणारी. चार बांबूंवर, तंबूच्या माथ्यापासून किमान हातभर वर. जाळी कापडाला टेकली तर उपयोग नाही, मधून हवा खेळायला हवी. तंबूच्या पूर्वेला घर किंवा दाट कलम असेल तर सकाळचं ऊन उशिरा येतं. सकाळी सात-साडेसातपासून उन्हात उभ्या असलेल्या तंबूत आठनंतर कुणी झोपू शकत नाही.

खाडीपलीकडे
जाळीऐवजी निळी ताडपत्री चालेल का? 12 बाय 18 फुटांची घरात आहे. पाऊसही अडेल. आणि तंबूभोवती चर खणावी का?

माडाखालची_पायवाट
ताडपत्री उन्हाला जाळीपेक्षा चांगली, पण वाऱ्याला ती शीड होते. 12 बाय 18 चं शीड पूर्वेच्या वाऱ्यात बांबूसकट उपटून तंबूवर येतं. लावायचीच असेल तर दुपारपुरती लावा आणि चारच्या आत उतरवून घडी करा. जाळीतून वारा जातो, ती राहू द्या.

सुरुबन
ताडपत्रीबद्दल थोडा मतभेद आहे. लहान, आठ बाय दहाची, उतार पश्चिमेला देऊन आणि पूर्वेची कड गुडघ्याइतकी खाली बांधून ठेवली तर ती टिकते आणि स्वयंपाकाला आडोसाही होतो. मोठी मात्र नको, यावर एकमत.

चर खणू नका. वाळूत तिच्या कडा पहिल्याच सरीत ढासळतात, आणि वाडीमालकाच्या आळ्यांची, पाटाची मोडतोड होते. त्याऐवजी जागा बघा. तळहाताएवढाही खोलगट भाग असेल तिथे लावू नका. आदल्या पावसाचे वाळलेले ओघळ आणि एका रेषेत साचलेला पाला दिसतो का बघा, पाणी तिथूनच वाहतं.

तंबूखाली अंथरायचं प्लास्टिक तळापेक्षा चारही बाजूंनी चार बोटं आत दुमडा. ते बाहेर डोकावलं की कापडावरून ओघळलेलं पाणी झेलतं आणि थेट तुमच्या अंथरुणाखाली नेतं. तंबू गळतो अशी जी तक्रार असते, त्यातल्या पुष्कळदा दोष या प्लास्टिकचा असतो.

शिवणटाका
2000 मिमीबद्दल. कापडावर दोन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपत नाही, असा त्या आकड्याचा अर्थ. वळिवाला ते पुरतं. पाणी येतं ते शिवणीतून. निघण्याआधी अंगणात तंबू उभा करा आणि नळीने दहा मिनिटं वरून पाणी सोडा. आतून टॉर्च मारून प्रत्येक शिवण बघा. पट्टी सुटली असेल तर शिवणीचा सीलंट लावून एक दिवस सुकू द्या.

पहाटे आतून थेंब दिसले तर ते गळतीचे का दमटपणाचे, हे असं ओळखा: सगळ्या कापडावर सारखे बारीक थेंब असतील तर ती आपल्याच श्वासाची आणि घामाची वाफ. एका रेषेत ओघळ असेल तर शिवण. वाफेवर उपाय एकच, वरचे झरोके पावसातही उघडे ठेवायचे आणि आतलं जाळीचं कापड वरच्या कापडाला चिकटू द्यायचं नाही. म्हणूनच ताणदोऱ्या हव्यात. नायलॉनची दोरी भिजली की सैल पडते, पहिली सर पडून गेल्यावर फिरून सगळ्या परत ताणा.

फायबरची काठी उभी चिरते. जोडनळी मिळते, सात-आठ इंचांची, काठीपेक्षा किंचित जाड. चिरेवर सरकवून दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळायची. दोन नळ्या सोबत ठेवा. चिरलेली काठी उघड्या हाताने चाचपू नका, फायबरची कुसळं कातडीत घुसतात.

वीजतंत्री
लाइटच्या पॉइंटबद्दल कुणी बोललं नाही. मालकांना विचारा, लाइनवर 30 मिलिअँपियरचं ईएलसीबी (वीज गळती झाली की लाइन तोडणारं उपकरण) आहे का? त्यावर टेस्टचं बटण असतं, ते त्यांच्यासमोर दाबून बघा. लाइन पडली पाहिजे. पडली नाही किंवा ते बसवलेलंच नसेल, तर तंबूत वायर नेऊ नका. मोबाइल घरात चार्ज करा.

ईएलसीबी असेल तर वायर एकसंध हवी, मध्ये सांधा नको. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नका, खुंटीला टांगा. बोर्डाच्या खाली वायरीला झोळ सोडा, म्हणजे वायरीवरून येणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल, बोर्डात शिरणार नाही. गडगडाट ऐकू आला की लाइन घरातूनच बंद करा आणि पिन काढा.

पंख्याला लाइट लागतच नाही. 20,000 एमएएचच्या पॉवर बँकेत साधारण 74 वॉट-तास असतात, तूट धरून 60 हाताशी येतात. चार वॉटचा यूएसबी पंखा त्यावर चौदा-पंधरा तास चालतो. दोन पंखे, दोन बँका, रात्र निघते.

दर्यावर्दी_वेळणेश्वर
विजेचा विषय निघालाच आहे तर आकाशातल्या विजेचं. तंबूत विजेपासून काहीही संरक्षण नसतं. काठ्या फायबरच्या आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. झापांचा मांडव, उघडी शेड, झाडाखालचा आडोसा, हे सगळं बाद. दोनच जागा: पक्कं घर किंवा काचा बंद केलेली पत्र्याच्या टपाची गाडी. घरातही नळ, मोरी आणि वायरिंगपासून लांब बसा.

लकाकल्यापासून गडगडेपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, मुलांना घेऊन निघा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर यायचं नाही, पाऊस थांबला असला तरी. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप टाकून घ्या, आसपास पडलेल्या विजा नकाशावर दिसतात. हवामान खात्याचा जिल्हावार इशारा सकाळी आणि दुपारी बघा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा. नारिंगी असेल त्या रात्री घराच्या ओटीवर झोपायची सोय आधीच मागून ठेवा.

अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र असल्याची बातमी आली तर बेत रद्द करा, पुढे ढकलू नका. तौक्ते चक्रीवादळ 2021 च्या मेच्या मध्यात किनाऱ्याजवळून गेलं, निसर्ग 3 जून 2020 ला अलिबागजवळ जमिनीवर आलं. आणि मोसमी पाऊस जूनमध्येच येतो असंही धरू नका. 2025 मध्ये तो 25 मे रोजीच दक्षिण कोकणात पोचला होता. बंदरावर तीन नंबरचा, म्हणजे वादळी वाऱ्याच्या इशाऱ्याचा, बावटा लागला की कोळी होड्या वर ओढतात. त्यांनी होड्या ओढल्या की तुम्हीही तंबू काढा.

खाडीपलीकडे
समजा घरात पळायची वेळ आली, तर तंबू तसाच उभा सोडायचा?

सुरुबन
हाताशी पाच मिनिटं असतील तर पाडून जा. सगळं जड सामान तळावर मध्यभागी. चेन पूर्ण बंद. काठ्यांची टोकं कोपऱ्यांच्या कड्यांतून सोडा आणि काठ्या बाहेर काढा. वजनं आणि दोऱ्या तशाच. कापड सपाट खाली बसतं, वर दोन भरलेल्या पिशव्या किंवा पाण्याचे कॅन. आडव्या तंबूला वारा धरायला जागा नसते. परत उभा करायला दहा मिनिटं लागतात. पाच मिनिटं नसतील, गडगडाट डोक्यावर असेल, तर तंबूचा विचारच करू नका. पळा.

अंथरूण आणि कपडे आधीपासून जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवायची सवय लावा, त्या वेळेस ते उरकत नाही.

भरतीरेषा
समुद्राबद्दल. दीडशे पावलं लांब असाल तर पाणी यायची भीती नाही, तरी मर्यादावेल कुठपर्यंत आली आहे ते बघा. जांभळ्या फुलांची, वाळूवर पसरणारी वेल. तिचं नावच ते आहे, नेहमीचं उधाण जिथे थांबतं त्याच्या वर ती पसरते. तिच्या मागे राहा आणि तिच्यावर तंबू लावू नका, वाळू तीच धरून ठेवते.

भरतीची वेळ काढायला तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती. अमावास्येच्या दोन दिवस आधी म्हणजे त्रयोदशी, 13 ची पाऊणपट पावणेदहा. सकाळी पावणेदहाच्या सुमाराला पूर्ण भरती, चारच्या आसपास पूर्ण ओहोटी, रात्री दहानंतर परत भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. रोज साधारण पाऊण तासाने पुढे जाते. अमावास्येला आणि नंतरचे एक-दोन दिवस उधाण सगळ्यात मोठं. मुलांना भरती चढत असताना, गुडघाभर पाण्यातच खेळू द्या. ओहोटी लागली की बाहेर, पाणी ओढून नेतं. मेअखेरीस समुद्र खवळायला लागतो, लाटांची लांबी बदलते, तेव्हा गावकरी नको म्हणाले तर वाद घालू नका.

रात्री किनाऱ्याकडे प्रखर दिवे मारू नका. कासवांच्या पिल्लांचा हंगाम सरत आलेला असतो, पण एखादं घरटं उरलेलं असू शकतं आणि पिल्लं उजेडाकडे वळतात.

ओआरएस
उकाड्याचं सगळ्यांनी पंख्यावर भागवलं. नीट सांगते. मेमध्ये किनाऱ्यावर पारा 33-34 च्या पुढे फारसा जात नाही, म्हणून घाटावरच्या माणसाला वाटतं सोसेल. पण हवा इतकी दमट असते की घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. आणि रात्रीही पारा 26-27 च्या खाली उतरत नाही, म्हणजे शरीराला सावरायला वेळ मिळत नाही. पहिल्यापेक्षा तिसरा दिवस जड जातो तो यामुळे.

मोठ्यांना दिवसाला चार ते पाच लिटर, मुलांना तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला थोडं थोडं. नुसतं पाणीच नको. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटरमध्ये, अर्धी पुडी अंदाजाने अर्ध्या ग्लासात घालणं चूक. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. शहाळं, मीठ घातलेलं कोकम सरबत चांगलंच. मुलांची लघवी गडद पिवळी झाली किंवा चार-पाच तास झालीच नाही, तर खेळ थांबवा.

अकरा ते चार तंबूत कुणी नको. घराची पडवी, वाडीतला गारवा. झोपण्याआधी अंघोळ करून अंग ओलसर ठेवा आणि पंख्याचा झोत अंगावरून जाईल असा ठेवा. गादी फुगवायची नको, पाठीखाली घाम साचतो. चटई आणि सुती चादर. स्लीपिंग बॅग आणूच नका.

कुणी बरळायला लागलं, चालताना तोल जाऊ लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. घाम येत असला तरी. आधी सावलीत घेऊन अंगभर पाणी ओता आणि जोरात वारा घाला, बर्फ असेल तर मान, काख आणि जांघेत. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका. 108 ला फोन, पण गाडीची वाट बघत थंड करणं थांबवू नका.

कातळसडा
फुरसं (छोटा विषारी साप) आणि विंचू. दोन्ही उकाड्यात रात्री बाहेर पडतात, पहिल्या वळिवानंतर जास्तच. फुरसं हाताच्या लांबीचं असतं, पाचोळ्याच्या रंगाचं, पटकन दिसत नाही. रात्री संडासला जाताना पायात बूट आणि हातात टॉर्च, प्रत्येक वेळी. चपला बाहेर ठेवल्या तर घालण्याआधी झटका. चिरे आणि सरपणाचा ढीग यांच्यापासून तंबू लांब ठेवा, आणि चिरा उचलताना बोटं खाली घालू नका.

लाल विंचवाचा डंख मुलांना धोक्याचा. खूप घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय दिसले तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. यावर प्राझोसिन नावाचं औषध देतात, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातच ते सिद्ध केलं. साप चावला तर आवळून बांधू नका, हात किंवा पाय न हलवता दवाखान्यात न्या. पोचल्या दिवशीच मालकांना विचारून घ्या, रात्री उघडा असलेला जवळचा सरकारी दवाखाना कोणता आणि रस्ता कुठून.

स्टो तंबूत पेटवू नका, पाऊस असला तरी. आगीइतकाच विषारी वायूचा धोका आहे.

खाडीपलीकडे
सगळ्यांचे आभार. पिशव्या आजच शिवायला घेतो, दार उत्तरेला ठेवतो. शेवटचं विचारतो, परतताना तंबू ओलाच बांधावा लागला तर?

शिवणटाका
बांधा, पण चोवीस तासांच्या आत उघडा. वरच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो. दमट हवेत घडी करून ठेवला की तो विरघळू लागतो. कापड हाताला चिकट लागतं, आंबूस वास येतो आणि पुढे लेपाचे पापुद्रे सुटतात. एकदा तसं झालं की तंबू पाणी अडवत नाही.

घरी गेल्यावर गोड्या पाण्याने धुवा, साबण पावडर नको, मशीन तर नकोच. मीठ राहिलं तर हवेतली ओल ओढत राहतं आणि कापड कधीच पुरतं सुकत नाही. चेनचे दात जुन्या टूथब्रशने घासा, वाळू तिथेच अडकते, आणि सुकल्यावर मेणबत्ती फिरवा. काठ्यांचे सांधे सुटे करून पुसा. सावलीत दोन दिवस वाळवा, शिवणीजवळ आणि दोरीच्या गाठींत ओल उरते, तिथे हात लावून बघा. मग घट्ट गुंडाळून मूळ पिशवीत कोंबू नका. सुती पिशवीत सैल ठेवा, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून पंख्याखाली पसरा.

सुरुबन
आणि वाळूच्या पिशव्या तिथेच रिकाम्या करा. वाळू परत किनाऱ्यावर, पिशव्या घरी. खड्डे बुजवून निघा, मालकांची गुरं रात्री तिथून फिरतात.